स्पीकरची वायर नंतर, आधी पाईप

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला बंगल्याचं काम चालू आहे. वरच्या मजल्यावर १२ बाय १८ फुटांची खोली होम थिएटरसाठी राखून ठेवली आहे. स्लॅब झाला, वीटकाम झालं, प्लास्टर पुढच्या आठवड्यात लागणार. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात दोन स्पीकर, म्हणजे ५.१.२ मांडणी करायची आहे. वायरमन म्हणतो, "घरातलीच दीड स्क्वेअर एमएमची वायर लाइटच्या पाईपातून ओढून देतो, काही फरक पडत नाही." दुकानदार म्हणतो, मीटरमागे शेकडो रुपयांची परदेशी केबल घेतली नाही तर स्पीकरवरचा खर्च वाया गेला समजा. ऐकायचं कुणाचं?

मी बावीस वर्षं पुण्यात आणि आसपास याच कामात आहे. माझं मत असं की वायरमन वायरच्या बाबतीत बऱ्यापैकी बरोबर आहे आणि पाईपच्या बाबतीत साफ चूक. दुकानदाराचं म्हणणं सध्या बाजूला ठेवा, त्यावर पुढे बोलतो. वायर तुम्ही पंधरा दिवसांनी घेतली तरी चालेल. या आठवड्यात ठरवायचंय ते पाईप कुठून कुठे जाणार आणि भिंतीत कुठे बाहेर निघणार. एकदा गिलावा झाला, रंग लागला की पाईप सहा इंच सरकवायचा म्हटलं तरी पुन्हा कटर, पुन्हा गवंडी, पुन्हा रंगारी. वायर मात्र पाईप नीट असेल तर दहा वर्षांनीही अर्ध्या तासात बदलता येते.

म्हणून सुरुवात सोफ्यापासून करा. बहुतेक लोक स्पीकरचे पॉइंट चार कोपऱ्यांत काढून ठेवतात, कारण कोपरा मोकळा दिसतो. पण स्पीकरची जागा खोलीवरून ठरत नाही, बसणाऱ्याच्या डोक्यावरून ठरते. पडदा १२ फुटी भिंतीवर घेतला आणि पुढचे स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ठेवले, तर बसायची जागा स्पीकरपासून साधारण ११ फुटांवर येईल, म्हणजे मागे पाच-सहा फूट उरतात. हे चांगलं आहे, सोफा मागच्या भिंतीला चिकटला की बास घुमतो. डॉल्बीच्या मांडणीत पुढचे डावे-उजवे स्पीकर मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत असतात. तुमच्या खोलीची रुंदी बघता ३० अंश जमणार नाहीत, स्पीकर भिंतीत घुसतील. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पावणेपाच फूट घ्या, २३ अंशांच्या आसपास बसतात. सराउंडचे दोन स्पीकर ९० ते ११० अंशांत, म्हणजे तुमच्या खोलीत बसणाऱ्याच्या रेषेपासून एक ते दोन फूट मागे, बाजूच्या भिंतींवर, कानाच्या पातळीला किंवा थोडे वर. छतातले दोन डोक्याच्या किंचित पुढे.

हे कागदावर समजलं तरी भिंतीवर उतरवताना चूक होते. मी साइटवर काय करतो ते सांगतो. सोफा येणार तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, घरातल्या कुणाला तरी बसवायचं आणि कानाची उंची जमिनीपासून मोजायची. ती साधारण साडेतीन फूट भरते, पण रिक्लायनर घेणार असाल तर दोन-तीन इंच कमी धरा. मग त्या उंचीवर खुर्चीच्या पाठीला दोरी बांधून ती ताणत भिंतीपर्यंत न्यायची आणि जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारायची. दोरी हातात असली की लगेच दिसतं की डाव्या सराउंडच्या जागी खिडकी आहे, किंवा उजवीकडे दार उघडल्यावर स्पीकर त्याच्या मागे जातो. एका घरात तर कपाटाची जागा नंतर ठरली आणि सराउंडचा पॉइंट कायमचा कपाटात गेला. दार, खिडकी, पडद्याचा पेलमेट, एसीचं युनिट या चार गोष्टी खडूने भिंतीवर काढल्याशिवाय पाईपासाठी एकही झिरी (भिंतीतली खाच) मारू देऊ नका.

आता वायरचा हिशोब. तुमचा ॲम्प्लिफायर, म्हणजे एव्ही रिसीव्हर, पुढच्या डाव्या कोपऱ्यात रॅकवर ठेवणार असं धरतो. सरळ रेषेत बघितलं तर तिथून उजवा सराउंड अठरा फुटांच्या आतच आहे. पण वायर हवेतून जात नाही. रॅकजवळच्या बॉक्सपासून छतापर्यंत साडेआठ फूट, पुढच्या भिंतीवरून १२ फूट, बाजूच्या भिंतीवरून १३ फूट, मग खाली उतरायला सहा फूट, शिवाय दोन्ही टोकांना मोकळी ठेवायची वायर. एकूण ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटर. आणि प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणून हिशोब २७ मीटर तारेचा करायचा.

दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरचा रोध (प्रवाहाला होणारा विरोध) मीटरला जास्तीत जास्त ०.०१३३ ओहम असतो, अडीचच्या वायरचा ०.००८ ओहम. २७ मीटरला दीडची वायर ०.३६ ओहम देते आणि अडीचची ०.२२ ओहम. आमच्या कामात एक ढोबळ नियम पाळतात: वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या, म्हणजे स्पीकरवर ओहममध्ये छापलेल्या आकड्याच्या, पाच टक्क्यांच्या आत हवा. तुमचे सराउंड ८ ओहमचे असतील तर दीडची वायर साडेचार टक्क्यांवर बसते, चालेल. ६ ओहमचे असतील तर सहा टक्के, म्हणजे नियमाबाहेर. अडीचची वायर ६ ओहमला साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते आणि ४ ओहमलासुद्धा जेमतेम पाचच्या वर. तुम्ही स्पीकरचं मॉडेल सांगितलेलं नाही, शिवाय पाच वर्षांनी स्पीकर बदलाल तेव्हा ते किती ओहमचे असतील हे आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून भिंतीत जाणारी वायर अडीचची घ्या.

आता हे किती ऐकू येतं तेही सांगायला हवं, नाहीतर मीही दुकानदारासारखीच भीती घालतोय असं होईल. स्पीकरवर छापलेले ८ ओहम सगळ्या आवाजांना सारखे नसतात. एखाद्या स्वराला तो स्पीकर ४ ओहमपर्यंत उतरतो, दुसऱ्या ठिकाणी २० पर्यंत चढतो. वायरचा रोध ०.३६ ओहम असेल तर जिथे स्पीकर ४ ओहमवर आहे तिथे आवाज पाऊण डेसिबलने कमी होतो आणि जिथे २० वर आहे तिथे जेमतेम पाव डेसिबलच्याही आत. म्हणजे स्वरांमधला समतोल अर्ध्या-पाऊण डेसिबलने बदलतो. सिनेमा बघताना बहुतेकांना हे कळणार नाही. पण सातही स्पीकर मिळून तुम्हाला साठ मीटरच्या आत वायर लागते, आणि एवढ्या लांबीला दीड आणि अडीचच्या किमतीतला फरक एका चांगल्या एचडीएमआय केबलएवढाही होत नाही. पुढचे तीन स्पीकर रॅकच्या जवळ आहेत, तिथे दीडची पुरते. तरी मी शंभर मीटरचं अडीचचं एकच बंडल आणतो आणि सगळीकडे तेच वापरतो, साइटवर गोंधळ कमी होतो.

दुकानदाराच्या केबलबद्दल. शुद्ध, ऑक्सिजनमुक्त तांबं आणि चांगल्या कंपनीच्या नेहमीच्या वायरमधलं तांबं यांच्या वाहकतेत टक्काभराचा फरक असतो. तो भरून काढायला वायर किंचित जाड घेतली की झालं. अडीचच्या जागी चारची घेतली तर त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो आणि पैसे तरीही वाचतात. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरची लांबी समान ठेवायला हवी, म्हणून जवळच्या स्पीकरची वायर गुंडाळी करून भिंतीत ठेवा, असंही सांगितलं जातं. तसं करू नका. वायरमधून सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने जातो. तीन मीटरच्या फरकाने जो उशीर होतो तेवढ्या वेळात आवाज हवेतून केसाच्या जाडीएवढाही पुढे सरकत नाही.

जिथे खरंच फसवणूक होते ती जागा वेगळी आहे. बाजारात दिसायला सुंदर, पारदर्शक वेष्टनाची, जाडजूड स्पीकर वायर स्वस्तात मिळते. तिच्यातली तार ॲल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा पातळ थर. बंडलावर बारीक अक्षरात 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त. म्हणजे अडीच म्हणून घेतलेली वायर काम दीडचं करते. आणि रोधापेक्षा मला तिचा ठिसूळपणा जास्त नडतो: टोकं दोन-तीनदा वाकवली की तारा तुटून गळतात. ओळखायला सोपं आहे. एक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं बाहेरून पांढरं असतं पण खरवडल्यावर आतून लालच निघतं, तेवढा फरक लक्षात ठेवा. बंडल हातात घेऊन वजनही बघा. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे तेवढ्याच मापाचं बंडल हाताला लगेच हलकं लागतं.

मग घ्यायची कोणती? अमेरिकेतल्या सीएल२ किंवा सीएल३ छापाच्या केबल भिंतीत टाकण्यासाठी तपासलेल्या असतात, वाजवी भावात मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर आयएस ६९४ या भारतीय मानकाचा छाप असलेली, चांगल्या भारतीय कंपनीची, दोन कोअरची गोल फ्लेक्स केबल घ्या, अडीच स्क्वेअर एमएमची. माझ्या निम्म्याहून जास्त कामांत हीच असते. घरातली सुटी लाल-काळी वायर मी स्पीकरसाठी वापरत नाही. विजेला ती उत्तम आहे, स्पीकरलाही चालली असती. पण दहा वर्षांनी कुणी दुसरा वायरमन बॉक्स उघडेल आणि लाल-काळी जोडी बघून तिला लाइटची लाइन समजेल.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकरची वायर लाइटच्या पाईपातून अजिबात नेऊ नका. घरघर येईल हे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण हे की एकाच पाईपात ओढताना एखाद्या बेंडवर वेष्टन सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येतात, ज्याला घरातली मुलं हात लावणार आहेत. तसंच भिंतीवर स्पीकरसाठी पाच ॲम्पिअरचा दोन-तीन पिनांचा सॉकेट बसवू नका. जुन्या घरांत हे सर्रास करत. मी पाहिलेल्या एका घरात स्पीकरच्या वायरला साधा टू-पिन प्लग लावला होता. साफसफाईत तो निघाला आणि परत लावताना शेजारच्या विजेच्या सॉकेटमध्ये गेला. स्पीकरची कॉइल जळून धूर निघाला, त्या दिवशी तेवढ्यावरच निभावलं. स्पीकरसाठी बाइंडिंग पोस्टच्या (वायर आवळायच्या टर्मिनलच्या) वेगळ्या प्लेटा मिळतात, मॉड्युलर बॉक्समध्येच बसतात. त्याच लावा. प्लेट नको असेल तर ब्रशसारखं तोंड असलेल्या प्लेटीतून वायर सरळ बाहेर काढा. एक जोड कमी होतो, मला हे जास्त आवडतं.

विजेच्या पाईपाला समांतर जाताना दोन्हीत फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. पाईप २५ एमएमचा घ्या. त्यात दोन गोल केबल सुखाने ओढता येतात, तिसरी कोंबायचा मोह टाळा. वळणावर काटकोनी एल्बो लावू देऊ नका, लांब बेंड लावायला सांगा. दोन बॉक्समध्ये दोनपेक्षा जास्त वळणं झाली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स द्या. वायरमन म्हणेल, "साहेब, निघते वायर." आत्ता निघते, कारण तो गिलाव्याआधीच ओढून घेतो. प्रश्न नंतर बदलायच्या वेळचा आहे. माझी अट अशी असते की गिलावा सुकल्यावर, पाईप रिकामा असताना, माझ्यासमोर वायर ओढायची स्प्रिंग आरपार टाकून दाखवायची आणि मगच वायर ओढायची. गवंड्याचा माल पाईपात गेला असेल तर तेव्हाच कळतं.

झिरी फक्त विटांच्या भिंतीत. कॉलम, बीम, स्लॅब यांना कटर लावू देऊ नका, वायरमन कितीही "अर्धाच इंच" म्हणाला तरी. भिंत चार इंची असेल तर लांब आडवी झिरी टाळा. उभी वर न्या आणि आडवा प्रवास फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून करा. तुमचा स्लॅब आधीच झाला असल्याने छतातल्या दोन स्पीकरचा मार्गही तोच आहे. पोकळीत केबल पीओपीवर नुसती टाकू नका, पाईपातच ठेवा. उंदीर तिथूनच फिरतात आणि पाईपाची उघडी तोंडं बुजवली नाहीत तर आतही शिरतात. स्पीकरच्या जागी दीड मीटर वायर गुंडाळून सोडा, आणि पीओपीवाल्याला आत्ताच विचारा की पोकळी किती राहणार. छतात बसणाऱ्या स्पीकरला मागे चार-पाच इंच जागा लागते, ती नसेल तर स्पीकर विकत घेऊन उपयोग नाही.

आणखी दोन रिकामे पाईप मागच्या भिंतीपर्यंत टाका, आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा. तुमच्याकडे मागे पाच-सहा फूट जागा आहे, उद्या ७.१ करावंसं वाटलं तर मागच्या दोन स्पीकरना जागा तयार असेल. प्रोजेक्टर लावायची शक्यता असेल तर रॅकपासून त्याच्या जागेपर्यंत एक पाईप ४० एमएमचा हवा, कारण एचडीएमआयचं डोकं २५ च्या पाईपात बेंडवर अडकतं. एवढ्या लांबीला तांब्याची साधी एचडीएमआय केबल फोर-के सिग्नलला भरवशाची नसते, ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी लागेल. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि सगळी परत काढावी लागते.

सबवूफरचं गणित वेगळं आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त तक्रारी येतात. स्वतःचा ॲम्प असलेल्या सबवूफरला स्पीकर वायर लागत नाही. रिसीव्हरमधून आरसीएची (गोल, एका पिनेच्या ऑडिओ जॅकची) बारीक सिग्नल लाइन जाते. हा सिग्नल नाजूक असतो, शेजारून विजेची लाइन गेली की 'हूं' असा आवाज सुरू होतो. तिथे चांगल्या शील्डची आरजी-६ कोअॅक्सिअल (डिश टीव्हीला असते तशी केबल) टाका आणि टोकांना आरसीए लावा. सबवूफरचा विजेचा पॉइंट आणि रॅकचा पॉइंट एकाच सर्किटवर घ्या, म्हणजे अर्थिंगमधल्या फरकामुळे येणारी घरघर टळते. सबची जागा आज ठरवता येणार नाही, ती खोली भरल्यावर ऐकूनच ठरते. म्हणून पुढच्या भिंतीत एक आणि तिरप्या समोरच्या मागच्या कोपऱ्यात एक असे दोन पॉइंट काढून ठेवा.

तुमची खोली वापरात असती, भिंती रंगवून झाल्या असत्या, तर मी इतकी फोडाफोड सांगितली नसती. स्कर्टिंगच्या वरून पट्टीतून केबल नेली असती आणि रॅक मागे किंवा मध्ये आणून लांबी कमी केली असती. तुमच्याकडे आठवडा आहे म्हणून हे सगळं सांगतोय.

गिलावा लागायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, पाईपाशेजारी मोजपट्टी धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असे. गवंडी घाईत बॉक्स बुजवतो तेव्हा हेच फोटो कामाला येतात. पुढे सुतार पॅनेलिंगचे खिळे मारायला येतो तेव्हाही. वायर ओढल्यावर प्रत्येकीच्या दोन्ही टोकांवर मार्करने नाव लिहा आणि वर पारदर्शक टेप गुंडाळा, रंगकामात नुसता कागद टिकत नाही.

रिसीव्हर जोडायच्या आधी मल्टिमीटरने दोन मापं घ्या. टोकं मोकळी असताना दोन तारांमध्ये काहीच जोड दिसता कामा नये. मग स्पीकरकडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना पिळून जोडा आणि रॅककडून रोध मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा. उजव्या सराउंडला ०.२ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर वायर तांब्याची नाही किंवा मध्ये कुठेतरी जोड आहे. एक ओहमच्या वर गेलं तर जोड नक्की आहे, आणि तोही सैल. पीओपी झाल्यावर हेच माप पुन्हा घ्या. आकडा बदलला असेल तर रंगारी येण्याआधी पीओपीवाल्याला परत बोलवा.